पहिला हार खंडेरावाचा

बायकोला आणि आईला एकत्र थायलंडला पाठवणारा नवरा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. बाकीचे नवरे थायलंडला जातात ते बायको आणि आई दोघींना चुकवून.

आमचे हे, सोमनाथराव, खत-औषधांचे दुकानदार. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गल्लीत दुकान. त्या वर्षी कंपनीची स्कीम होती, अमुक इतकं बुरशीनाशक खपवा आणि थायलंडला जा. पाऊस थांबेना, द्राक्षवाल्यांच्या बागांवर बुरशी चढली, आणि शेतकरी देवाला हात जोडत असताना आमच्या घरी बॅगा बघायला सुरुवात झाली. ट्रिप सहकुटुंब होती. मागच्या वर्षी दुकानदार एकटे गेले होते, त्यांचे फोटो कुणाच्या तरी बायकोनं पाहिले, आणि कंपनीला एकदम कुटुंबव्यवस्थेचं महत्त्व पटलं.

मी नव्या चपला आणल्या, आणि हे तोंड पाडून घरी आले. म्हणाले, "प्रतिभा, घात झाला. माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली. सहा महिने शिल्लक नसतील तर चालत नाही म्हणे."

दिवसभर शेतकऱ्यांना बाटलीवरची एक्सपायरी वाचून दाखवणारा माणूस, आणि ह्याला स्वतःची एक्सपायरी ठाऊक नाही! मी चांगलंच फैलावर घेतलं. ह्यांनी गाईसारखं ऐकून घेतलं. मला तिथंच संशय यायला हवा होता, कारण ऐकून घेणं हा ह्यांचा स्वभाव नाही. पण माझं लक्ष चपलांत.

"आईचा पासपोर्ट आहे की," हे म्हणाले. "तीच जाईल तुझ्याबरोबर. बिचारीनं आयुष्यात काय बघितलंय?"

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा पासपोर्ट काढला होता दुबईच्या नणंदेच्या बाळंतपणासाठी. ऐन वेळी नणंदच इकडं आली आणि पासपोर्ट कोराच्या कोरा राहिला. असा सगळा योग जुळून आला. योग कुणी जुळवला होता ते नंतर कळलं.

आत्याबाईंचं नाव नवसाबाई. त्यांच्या वडिलांनी गावच्या खंडेरावाला मुलासाठी नवस केला होता. देवानं मुलगी दिली. देवाच्या दुकानातला माल, बदलून मिळत नाही. वडिलांनी मुकाट्यानं ठेवून घेतली. पण माणूस सरळ. नवस बोललो तर फेडलाच पाहिजे म्हणून त्यांनी ठरवलं, मळ्यातल्या फुलांचा रोजचा पहिला हार खंडेरावाचा. तो देवाला गेल्यावर मगच बाकीची फुलं गणेशवाडीच्या बाजारात जायची. पुढं त्यांनी घरजावई केला, त्यामुळं आत्याबाई सासरी कधी गेल्याच नाहीत. गाव तेच, मळा तोच, देव तोच. सासुरवास म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून मलाही फारसा झाला नाही. खरं ते सांगावं.

आमचं गाव गंगापूर रोडच्या पुढं. पंधरा वर्षांपूर्वी ते गाव होतं, आता बिल्डर त्याला लोकेशन म्हणतात. आजूबाजूचे मळे एकेक करून इमारती झाले. आमचा झेंडू मात्र टिकून आहे, कारण सातबाऱ्यावर आत्याबाईंचं नाव आहे आणि आत्याबाई सही करत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, डावा हात आला नाही. तो नुसता लोंबतो. तरी हार थांबला नाही. झेंडू गुडघ्यांच्या बेचक्यात धरायचा, उजव्या हातानं सुई घालायची. पूर्वी दहा मिनिटांत होणाऱ्या हाराला तास लागायचा. मी एकदा शहाणपणा केला. "आत्याबाई, बाजारातून तयार हार आणत जाऊ की. कशाला जिवाला त्रास?" त्या "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तासभर लवकर उठायला लागल्या. त्या "बरं"ची मला अजून लाज वाटते.

आता देवाचं सांगते. आमचा खंडेराव काळ्या पाषाणाचा, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. त्याचा तलवारीचा हात मोडला मागच्या श्रावणात. मोडला कुणी? मंदिर सुशोभीकरण समितीनं. समितीचे अध्यक्ष कोण? आमचे हे. कुंभमेळा जवळ आला म्हणून गाभाऱ्यात रंगीत लायटिंग करायचं ठरलं. हिमालयातून साधू येणार ते आमच्या गावची लायटिंग बघायलाच ना! वायरमन शिडीवर, शिडी धरायला समिती, आणि समिती मोबाईलमध्ये. शिडी घसरली, वायरमन वाचला, देवाचा हात खांद्यापासून खाली आला.

लगेच बैठक. खंडित मूर्ती पुजायची नसते, पुजली तर गावावर अरिष्ट येतं, असं एकमतानं ठरलं. सांगणारे कोण, तर ज्यांना शिडी धरता आली नाही ते. जयपूरहून संगमरवरी मूर्ती मागवायची, चंपाषष्ठीला बसवायची, आणि जुनी गंगेत सोडायची. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगा म्हणतो आणि घरात नको झालेलं सगळं तिच्यात सोडतो.

आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या, त्या उठल्या. "हात तुम्ही मोडला आन् हाकलू राहिले देवाला? मी त्याला जन्मापासून बघते. त्याचा उजवा गेला, माझा डावा. दोघांचा मिळून एक माणूस होतो. राहू द्या की आम्हाला!"

म्हातारा लहानू गुरव, ज्यानं पन्नास वर्षं त्या देवाला अंघोळ घातली, तो धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला. समितीचे लोक छताकडं बघायला लागले. शेवटी ह्यांनी पुढं होऊन कोटम्यातला, म्हणजे देवापुढच्या लाकडी वाटीतला, भंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, तू हो म्हणेपर्यंत जुन्या देवाला कुणी हात लावणार नाही. शब्द देतो."

भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं कोर्टातल्या शपथेहून मोठा. निदान तेव्हा तरी होता. आत्याबाई निवांत झाल्या, आणि चंपाषष्ठीला दहा दिवस असताना आमचं विमान उडालं. निघताना त्यांनी पहिल्या हाराचं काम लहानूवर सोपवलं. दहा वेळा बजावलं.

बँकॉकबद्दल मी काही सांगत नाही, कारण मला चाळीस दुकानदारांच्या पाठी सोडून काही दिसलं नाही. इगतपुरीचे गोटीराम आमच्या पुढच्याच सीटवर. वर्षातले चार महिने छत्रीखाली काढणारा माणूस, इथं फुलाफुलांची चड्डी आणि काळा गॉगल घालून ऊन खात होता. आत्याबाईंचा प्रश्न वेगळाच. खंडेरावाच्या भक्तानं चंपाषष्ठीपर्यंत वांगं खायचं नसतं, आणि हॉटेलातल्या प्रत्येक भाजीत गोलगोल वांगी. "ह्या लोकांना दुसरं काय पिकत नाय का गं?" तीन दिवस त्यांनी दहीभातावर काढले.

चौथ्या दिवशी अयुथयाला नेलं. ही थायलंडची जुनी राजधानी. आमची गाईड नोई म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती, हिंदी बोलायची. तिनं बसमध्ये सांगितलं, या गावाचं नाव रामाच्या अयोध्येवरून ठेवलंय. बसमधून एक सूर निघाला, "मग अयोध्येलाच गेलो असतो की, रेल्वेनं!" आत्याबाईंनी मात्र खिडकीतून हात जोडला. एकच, पण जोडला. "राम वनवासाला आपल्या पंचवटीत आला. राजधानी बघायची राहिली होती, ती इथं बघते."

बसमधून उतरलो तर विटांचे मनोरे, काही कललेले, काही अर्धे. भिंती आहेत, छप्पर नाही. आणि भिंतीला लागून ओळीनं बसलेले बुद्ध, मांडी घातलेले, हात मांडीवर ठेवलेले, आणि एकालाही डोकं नाही. पन्नास-साठ तरी असतील. काहींना हातही नाहीत. पण कुणाच्या खांद्यावर भगवं वस्त्र नीट गुंडाळलेलं, कुणाच्या पुढ्यात उदबत्ती, कुणाच्या मांडीवर ताजा हार.

"हे तर सगळे खंडित!" गोटीराम ओरडले. "आमच्याकडं असते तर कधीच गंगेला लावले असते." एवढं बोलून ते एका मूर्तीच्या मागं गेले आणि बुद्धाच्या धडावर आपलं डोकं ठेवून फोटोला उभे राहिले. पहारेकऱ्यानं अशी शिट्टी फुंकली की गॉगल खाली पडला. बायकोनं त्यांना सगळ्यांसमोर जे सुनावलं ते माझ्या ट्रिपचं सगळ्यात सुंदर दृश्य.

नोईनं सांगितलं, अडीचशे वर्षांपूर्वी ब्रह्मदेशाचं सैन्य आलं, शहर जाळलं, मूर्तींची डोकी उडवली. एक डोकं झाडाच्या मुळांत अडकून राहिलंय, ते बघायला लोक जगातून येतात. तिथं फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं. त्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर जाता कामा नये. पुढच्या क्षणी चाळीस दुकानदार गुडघ्यांवर. गावच्या देवळात मानपानावरून भांडणारी ही माणसं, सेल्फीसाठी का होईना, वाकली.

आत्याबाईंनी माझी ओढणी ओढली. "तिला इचार. मोडला देव ह्यांना चालतो कसा? अरिष्ट नाय येत?"

मी मोडक्या हिंदीत विचारलं. नोई हसली. म्हणाली, "अरिष्ट तो सैनिक लाया, माताजी. बुद्ध थोडे लाया? सिर गया, बुद्ध नहीं गया."

आत्याबाई तडक फाटकाबाहेर निघाल्या, मी मागं. तिथं एक बाई जमिनीवर बसून हार ओवत होती. मोगऱ्याच्या कळ्या आणि झेंडू. आत्याबाईंनी फूल उचललं, उलटं करून देठ पाहिला. "अगं, हा तर आपला कलकत्ता झेंडू!" आणि सरळ तिच्या शेजारी बसल्या. एका शब्दाची ओळख नाही, भाषा नाही, पण त्यांनी सुईसाठी हात पुढं केला आणि त्या बाईनं दिली. आत्याबाई सवयीनं झेंडू गुडघ्यात धरायला लागल्या. त्या बाईचं लक्ष लोंबत्या हाताकडं गेलं. तिनं "अरेरे" केलं नाही, कपाळाला आठी घातली नाही. झेंडू घेतला, सुईसमोर धरला. एक झाला, दुसरा धरला. दहा मिनिटांत हार पुरा.

दोन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी बाजारातला हार आणायचं सुचवलं होतं. बी.कॉम. झालेल्या सुनेची हुशारी ती!

आत्याबाई हार घेऊन आत गेल्या आणि दोन्ही हात नसलेल्या एका बुद्धाच्या मांडीवर ठेवला. मग मला म्हणाल्या, "लहानूला फोन लाव, तोंड दिसतं तसला. त्याला हे दाखवते. गावाला सांग म्हणते, असं चालतं म्हणून."

मी लावला. लहानूनं उचलला आणि कानाला लावला, त्यामुळं पहिला मिनिटभर आम्हाला त्याचा कानच दिसला. "लहानू, फोन तोंडासमोर धर!" तेव्हा कुठं त्यानं फोन पुढं धरला. तो टेम्पोत बसला होता. त्याच्या मांडीला टेकवून भगव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. कापड एका बाजूला सरकलं होतं आणि काळ्या घोड्याचं तोंड बाहेर आलं होतं. मागं गंगेचा घाट.

"लहानू, देव कुठं घेऊन चालला?"

"अक्का, मला काय इचारता?" लहानू रडायलाच लागला. "तुम्हीच हो म्हणाल्या ना? इमानात बसायच्या आधी हो म्हणाल्या, असं सोमनाथनं सांगितलं सगळ्या गावाला."

पासपोर्ट, मुदत, बिचारीनं काय बघितलंय, गाईसारखं ऐकून घेणं, सगळं एका क्षणात उमगलं. आणि मी मूर्ख, नव्या चपला घालून ह्या कारस्थानावर स्वार होऊन आले होते!

तेवढ्यात फोनमध्ये ह्यांचा चेहरा आला. कपाळाला अष्टगंध. "आई? अगं, रेंज नाही इथं, नंतर बोलू."

"रेंज हाय," आत्याबाई म्हणाल्या. "लय झकास दिसू राहिला तू."

"आई, समजून घे. जयपूरची मूर्ती आली. देणगीदार मोठे लोक आहेत, त्यांना गाभाऱ्यात मोडकी मूर्ती नको. तुला त्रास नको म्हणून..."

आत्याबाईंनी मला फोन फिरवायला लावला. मी त्या ओळीवरून हळूहळू फिरवला. बिनडोक्याचे बुद्ध, खांद्यावरची भगवी वस्त्रं, मांडीवरचे हार, आणि शेवटी त्यांनी ठेवलेला झेंडूचा हार. फोनमधून टेम्पोभोवतीचे लोक वाकून वाकून बघताना दिसत होते.

"बघितलं का सगळ्यांनी? दुश्मनानं तोडले, ह्यांनी सोडले नाय," आत्याबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढला नाही की मला जास्त भीती वाटते. "सोम्या, देवाचा हात मोडला, तर तो गंगेत. भंडारा उचलून दिलेला तुझा शब्द मोडला, तो रे कुठं सोडू?"

फोनमधून लहानूचा आवाज आला, "मी टेम्पोतून उतरत नाय. सोडायचा तर दोघांना सोडा."

घाटावर बघ्यांची गर्दी जमली होती. देवाला ढकलायला एक वेळ माणसं मिळतात, गुरवाला ढकलायला कुणी पुढं होत नाही. अर्ध्या तासानं टेम्पो माघारी फिरला. देवळात घेईनात, म्हणून लहानूनं देव आमच्याच मळ्यात, फुलं निवडायच्या शेडमध्ये आणून बसवला.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणून मी ह्यांचं कपाट उघडलं. पासपोर्ट रुमालांच्या खाली. मुदत दोन हजार एकतीस. मी तो जेवताना ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला, चटणी ठेवतात तिथं. आत्याबाई म्हणाल्या, "ठेव गं परत कपाटात. पुढच्या वेळी तोच जाईल. मी आन् देव घरीच राहू." त्यानंतर पाच दिवस त्या लेकाशी बोलल्या नाहीत.

चंपाषष्ठी उजाडली. देवळात मांडव, फेटे, देणगीदार, त्यांची गाडी, गाडीचा फोटो. गाभाऱ्यात पांढरा शुभ्र संगमरवरी खंडेराव, हात दोन्ही शाबूत, लायटिंग हिरवं-जांभळं. बाजारातून दहा हजार झेंडूंची आरास आणली होती. मुहूर्त झाला, तळी उचलायची, आणि लहानू हात बांधून उभा. "पहिला हार नवसाक्काचा. पन्नास वर्षांची रीत हाय. तो आल्याबिगर मी हात लावायचा नाय." देणगीदार घड्याळ बघायला लागले. दोन माणसं पाठवली, ती हात हलवत परत आली. शेवटी अध्यक्षसाहेब स्वतः आले, फेटा सावरत.

आत्याबाई शेडमध्ये, जुन्या देवासमोर बसल्या होत्या. गुडघ्यात झेंडू, उजव्या हातात सुई. मी त्यांच्या शेजारी फुलं धरायला बसले होते, पण त्यांनी मला उठवलं. "तू नको. आज तुझी पाळी नाय."

"आई," हे दारातूनच म्हणाले, "सगळं गाव थांबलंय. चुकलं माझं. तुझ्या हातचा हार दे, नव्या देवाला घालतो."

आत्याबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. मेलेला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला, लेकाला दिसेल असा. "खंडित बाईच्या हातचा हार चालंल का रे तुझ्या नव्या देवाला? नायतर आधी मला सोडून ये गंगेत. टेम्पो हाय ना अजून?"

लकवा मारला तेव्हा आईला पाठीवर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढलेला माणूस हा. तेव्हा रडला नव्हता, आता रडला. फेटा काढला, फुलांच्या टोपलीवर ठेवला आणि खाली बसला. टोपलीतला एक झेंडू घेऊन आईच्या सुईसमोर धरला. सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आत गेली.

पहिला हार झाला, तो आत्याबाईंनी मोडक्या खंडेरावाच्या गळ्यात घातला. वेशीकडून पुन्हा कुणीतरी हाक मारत येत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "जा आता. नव्याचा करते मी दुसरा, सावकाश. माझं काय वाकडं केलंय त्यानं."

हे उठले नाहीत. टोपलीतून पुढचा झेंडू काढला आणि सुईसमोर धरला.